पुनवेच्या आधीची होडी

जर्सी सिटी,
८ जून २००३

मालिनीस, सुमित्राचा आशीर्वाद.

तू चौथी पास. मी शाळेच्या दारावरून फक्त मासळीची पाटी घेऊन गेलेली. तेव्हा हे अक्षर माझ्या सुनेचं आहे हे तू ओळखलंच असशील. रत्ना पुण्याची. माझं बोलणं तिच्या पेनातून धुऊन, इस्त्री होऊन बाहेर पडतं. वाचताना तू आपलं आपण खारट करून घे.

फोन केला असता, पण फोनवर मोहन शेजारी उभा राहून 'पाऊस आहे का विचार, भिंत पडली का विचार' करत राहतो, आणि अमेरिका लांब म्हणून तू ओरडतेस. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही. (रत्ना हसते आहे. हसू दे.)

आम्ही तेविसाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून नदी दिसते, आपल्या खाडीहून रुंद, आणि पलीकडे न्यूयॉर्क. खालच्या धक्क्यावरून सारखी बोट सुटते. इमारतीतले निम्मे लोक पाठीला पिशव्या लावून तिच्यात चढतात आणि आठ मिनिटांत कामावर. आपला मोहन मात्र पाऊण तास आधी निघतो, नदीच्या पोटाखालून जाणाऱ्या गाडीत बसतो, वरच्या अंगाला उतरून दुसरी गाडी धरतो आणि पुन्हा खाली येतो. मी रत्नाला विचारलं, तर म्हणाली, "त्यांना बोट लागते, आई." बरं म्हटलं. लागत असेल.

आता मुख्य गोष्ट. ज्ञानदा दहा वर्षांची झाली. परवा शाळेतून आली आणि मला विचारलं, "आजी, व्हॉट वॉज युवर जॉब?" घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काम लिहून आणायचं होतं. मी म्हटलं, मासे विकत होते. तर म्हणते, मासे यायचे कुठून? होडीतून. होडीत कुठून? तिला दुकानातला बर्फावरचा मासा ठाऊक, त्याच्या मागचं काही ठाऊक नाही. ती कोळ्याची नात आहे, कुणाला सांगू नकोस.

रत्नाने मग कॉम्प्युटरवर शोधलं. आम्ही नायगारा बघायला जाणारच आहोत. इथे आलेल्या प्रत्येक म्हातारीला नायगारा दाखवल्याशिवाय परत सोडत नाहीत, सरकारी नियम असावा. तिथून सव्वा तासावर ईरी नावाचं तळं आहे. तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. एक तांडेल स्वतःच्या बोटीतून अख्ख्या कुटुंबांना मासे धरायला नेतो. गळ त्याचे, आमिष त्याचं, शिकवणंही त्याचंच. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळं चालतं. माशाचं नाव वॉलआय. चित्र बघितलं. आपल्या जिताड्याचा लांबचा चुलतभाऊ वाटतो, डोळे मात्र माझे मोतीबिंदू काढायच्या आधी होते तसे.

रत्नाने दोन ऑगस्टचा शनिवार ठरवून टाकला, चौघांसाठी. जेवताना मोहनला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठला.

उलट टपाली लिही. सुक्या बोंबलाबद्दल काही लिहू नकोस, इथे तोंडाला पाणी सुटून उपयोग नाही.

तुझी जाऊ,
सुमित्रा
(आईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे. काकी, तुम्हांला माझा नमस्कार. — रत्ना)


थळ,
२१ जून २००३

अक्कास, मालिनीचा नमस्कार.

पत्र पोचलं. सूनबाईचं अक्षर बघून माझ्या अक्षराला लाज वाटली, पण चष्मा जुना आहे, तिने सांभाळून घ्यावं.

तुला चळ लागला आहे का अक्का? दोन ऑगस्ट म्हणजे पुनवेला दहा दिवस. नारळ पडायचा आहे. इथे सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांखाली ठेवल्या आहेत. गावातलं शेंबडं पोर पाण्यात पाय घालत नाही, आणि तू, तांडेलाच्या घरची थोरली सून, अमेरिकेत जाऊन नारळाआधी होडीत बसणार? म्हणशील, गोडं पाणी आहे. बुडणाऱ्याला चव घ्यायला वेळ असतो का?

पुनवेला पाच दिवस उरले होते तेव्हाच ना मोठे भाऊजी गेले? उघडीप पडली आहे, एक फेरी मारून येतो म्हणाले. गेले आणि बुडाले. तिसऱ्या दिवशी रेवसच्या बाजूला सापडले. इतक्यात विसरलीस? की तिकडच्या हवेत विसरायला होतं?

आणि मोहनचं मला नवल वाटलं. तो या जन्मात होडीवर पाय ठेवेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी पोर घरी राहिलं म्हणून वाचलं, आणि घरी राहिलं याच्यापायी घरातून इतकं लांब गेलं, असं मी आपली समजते. कधी बोललो नाही आपण.

जायचंच असेल तर नारळ घेऊन जा. तिकडे मिळतो ना? नाहीतर सफरचंद सोडशील.

बोंबलाबद्दल लिहू नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही. यंदा फार छान वाळले आहेत.

तुझी,
मालिनी


जर्सी सिटी,
६ जुलै २००३

मालिनीस,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. ही आसावरी. नागपूरची, इथे कॉलेजात शिकते, आमच्याच मजल्यावर दोन मुलींबरोबर राहते आणि रोज मॅगी खाते. मी तिला आमटी-भात घालते, ती मला अक्षरं घालते. तिच्याकडून वचन घेतलं आहे की ऐकलं ते कागदावर उतरवायचं आणि कानातून झटकून टाकायचं. (हो काकू, प्रॉमिस. — आसावरी)

अगो, जिला वाचता येत नाही तिचं पत्र दुसरंच कुणी वाचतं, एवढं चौथीत शिकवलं नाही तुला?

रत्ना तुझं पत्र मोठ्याने वाचत होती. झावळ्या वाचल्या, शेंबडं पोर वाचून हसली. मग "मोठे भाऊजी" आले आणि "गेले आणि" इथे तिचा आवाज थांबला. मी डाळ निवडत होते, तशीच निवडत राहिले. तिने पुढचं सगळं मनात वाचलं. घडी केली. मग विचारलं, "आई, बाबा तापाने गेले ना?"

मोहनने लग्नाच्या वेळी तिला ताप सांगितला होता. तेव्हा मी शेजारीच होते आणि मानही हलवली होती. तीन दिवसांचा ताप. तेरा वर्षं ती बिचारी त्या तापावर विश्वास ठेवून आहे. थळला आली दोनदा, राहिली दोन-दोन दिवस, आणि गावात कोण कशाला तोंड उघडतंय?

मी म्हटलं, "नाही. दर्यात गेले."

तिने आदळआपट केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "मी ट्रिप कॅन्सल करते." मी म्हटलं, करू नकोस. ती म्हणाली, "मग त्यांना विचारू का?" मी म्हटलं, तेही करू नकोस. ती म्हणाली, "आई, मग मी करू तरी काय?" मी म्हटलं, पाणी ठेव, चहा घेऊ. चहा घेतला.

कॅन्सल का नको ते तुला सांगते. ज्ञानदाच्या शाळेने गेल्या महिन्यात पोरांना पोहायला नेलं होतं. सगळी पोरं पाण्यात, ही काठावर. बाईंनी हाताला धरलं तर म्हणाली, आमच्या घरात कुणी पाण्यात जात नाही. असं कुणी तिला सांगितलेलं नाही, मालिनी. मोहन तिला रागावत नाही, भीतीही घालत नाही. तो फक्त नदीच्या बाजूला पाठ करून बसतो, आणि पोर बघतं. आजा बुडाला, बाप काठावर राहिला, आता नात काठावर. हे मी बघत बसायचं का?

मोहन म्हणतो, गाडी मी चालवीन, होडीत तुम्ही तिघी जा, मी धक्क्यावर बसतो. ज्ञानदा म्हणते, "बाबा येणार नसतील तर मी पण नाही."

आता ऐक. हे मी कुणाला बोललेले नाही. त्या पहाटे मोहन झोपला नव्हता. त्याने होडीवर जायचं ठरलं होतं, पाचवा म्हणून, सुकाणू धरायला. पंधरा वर्षांचं पोर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलं. होडी चौघांवर गेली आणि बुडाली. त्याला वाटतं सोंगाची गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि एक हात कमी पडला म्हणून बाप गेला. एकोणतीस वर्षं हेच वाटतं आहे त्याला. मी त्याची आई आहे, मला सांगायला कशाला हवं?

तुझे दिगंबर त्या होडीत होते. परत आले. मी त्यांना कधी काही विचारलं नाही, तू कधी काही सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुझा आला म्हणून तुला माझ्याकडे बघवत नाही. आता तेही गेले, तीन वर्षं झाली. आता विचारते. एक हात कमी पडला होता का?

पाकिटावर आसावरीचं नाव घाल. पत्ता खाली आहे. या वेळी तरी डोकं वापर.

सुमित्रा


थळ,
१७ जुलै २००३

अक्कास,

चौथीत नव्हतं शिकवलं. पाचवीत शिकवत असतील. चुकले.

आसावरी बाळ, पुढचं सावकाश वाच, आणि अक्काच्या हातात डाळ असेल तर आधी काढून घे.

अक्का, हात कमी पडला नाही. आमचे हे मला एकदाच बोलले, शेवटच्या आजारात. वारा फिरला आणि लाट मागून आली, खांदेरीच्या पलीकडे. दोरी सोडायला कुणाला वेळच मिळाला नाही, होडी पालथी. चार हात असते काय किंवा चाळीस, पालथीच. दोघे पोहत खांदेरीला लागले. हे आणि मोठे भाऊजी मागे राहिले. एक फळी सुटली होती. ती एकाच माणसाला धरायची, दोघांनी धरली की खाली जायची. ती आधी भाऊजींच्या हाताला लागली. त्यांनी ती यांच्याकडे ढकलली. "तुझी पोर चार महिन्यांची आहे," एवढंच म्हणाले. म्हणजे माझी वीणा.

माझा नवरा तुझ्या नवऱ्याच्या फळीवर तरंगत घरी आला. हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? रोज सकाळी एका आडावर पाणी भरत होतो आपण. रोज सांगायचं ठरवायची आणि कळशी उचलून घरी यायची.

आता एक तू नीट बघ, मी फार वेळा बघितलं आहे. मोहन उठला असता, पाचवा म्हणून गेला असता, तर ती फळी कुणाला मिळाली असती? बापाने ती पोराकडे ढकलली असती, यांच्याकडे नाही. होडी बुडायची ती बुडाली असतीच, भाऊजीही गेले असते, आणि वर हेही गेले असते. तुझ्या पोराच्या सोंगाने माझं घर सव्वीस वर्षं उभं राहिलं. त्याला शरम वाटत असेल. मी मात्र दर पुनवेला त्याच्या नावाने एक नारळ सोडते. कुणाला न सांगता.

हे त्याला सांग. मला लिहिता येतं, पण त्याला लिहायला हात होत नाही. तुला लिहिता येत नाही. छान जोडी आहे आपली.

मालिनी


जर्सी सिटी,
१० ऑगस्ट २००३

मालिनीस, सुमित्राचा आशीर्वाद.

अक्षर पुन्हा बदललं. हे मोहनचं आहे. आसावरी परीक्षेचं काहीतरी करते आहे आणि रत्ना ज्ञानदाला घेऊन पोहायच्या क्लासला गेली आहे. घरात लिहिणारा हा एकच उरला. आधी नाही म्हणत होता, 'आई, फोन लाव ना' म्हणत होता. मी म्हटलं, आईच्या चार ओळी लिहायला अमेरिकेत लाज वाटते का? तेव्हा बसला. मी सांगेन ते लिहायचं, काटायचं नाही, अशी अट आहे.

नायगारा बघितला. पाणी वरून खाली पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो. तळं कसलं, दर्याच आहे, फक्त वास नाही. तांडेलाचं नाव कॅप्टन गॅरी. माझ्या वयाचा, पांढरी दाढी, नाकावर मलम. सगळ्यांना फुगीर जाकिटं घातली. मला घालताना त्याला दोनदा पट्टा सैल करावा लागला. (आईने हे लिहायला लावलं. — मोहन) मग त्याने रत्नाची खाण्याची पिशवी उघडली आणि एकदम मागे सरला, साप निघाल्यासारखा. आत केळी. डझनभर, कारण रत्ना दुसरं काही खाणार नव्हती. म्हणाला, माझ्या बोटीत केळं चालत नाही. केळं आलं की मासा येत नाही, नाहीतर इंजिन बंद पडतं, नाहीतर कुणीतरी पाण्यात पडतं. त्याच्या आजापासून हे चालत आलं आहे. रत्ना म्हणाली, "आर यू सीरियस?" तो सीरियस होता. मला बरं वाटलं. म्हटलं, हा आपल्यातलाच. केळी उतरवली आणि मोहनच्या हातात दिली, कारण तो धक्क्यावर उभा राहणार होता.

मग मी माझी पिशवी उघडली. नारळ. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या गुजराती दुकानातला, शेंडी काढलेला, सोललेल्या डोक्यासारखा. हळदकुंकू लावून आणला होता. गॅरी म्हणाला, "हे आमिष आहे का?" रत्नाने त्याला समजावलं, हिला पाण्याला द्यायचा आहे, त्याच्याआधी होडी हलवलेली हिला चालत नाही. त्याने विचारलं, प्लॅस्टिक आहे का यात कुठे? नाही म्हटल्यावर टोपी काढली आणि म्हणाला, ठीक आहे, तिने माझं केळं मानलं, मी तिचा नारळ मानतो.

पण नारळ घरातल्या पुरुषाने सोडायचा. मी मोहनकडे बघितलं. हा केळ्यांचा घड घेऊन उभा.

"आई, दे इकडे, इथूनच टाकतो."

"धक्क्यात टाकलेला धक्क्यातच कुजतो. ती समोर दगडांची भिंत दिसते ना, तिच्या बाहेर सोडायचा."

"मग तू सोड."

"विधवेच्या हातचा चालत नाही."

हे मी खोटं बोलले. गेल्या वर्षी मीच सोडला होता आणि तू शेजारी उभी होतीस. मोहन, लिही, काटायचं नाही ठरलं आहे.

ज्ञानदा आत बसली होती, एका पायावर उठायच्या तयारीत. ती म्हणाली, "बाबा, यू कॅन होल्ड माय स्ट्रॅप." जाकिटाचा पाठीमागचा पट्टा. मग याने केळी बाकावर ठेवली आणि "भिंतीपर्यंत" म्हणून होडीत आला. चढताना माझा खांदा धरला होता. (नव्हता, काकी. — मोहन) होता.

भिंतीच्या बाहेर याने नारळ सोडला. गॅरीने विचारलं, परत जायचं का? याने ज्ञानदाचा पट्टा धरला. तोवर ज्ञानदाच्या हातात गांडूळ होतं आणि ती किंचाळत होती, आनंदाने. होडीला उत्तर मिळालं नाही की ती पुढे जाते.

मासेमारी अशी. जाळं नाही. होडी मुंगीच्या पावलाने चालवायची, मागे चार दोऱ्या, टोकाला चमकती पत्री आणि गांडूळ. मासा आला की फळीवर मोजायचा, लहान असला तर परत. मी न मोजताच सांगत होते, हा परत, हा राहील, हा नखभर कमी. सहा वेळा सांगितलं, सहाही बरोबर. गॅरीने विचारलं, हिला नोकरी हवी का? मोहन ज्ञानदाचा पट्टा धरून बसला होता. दोन तास गळाला हातही लावला नाही.

मग रत्नाची काठी वाकली. अशी वाकली की ती "अहो! अहो!" ओरडायला लागली. गॅरीला दुसऱ्या दोऱ्या काढायच्या होत्या, जाळी धरायची होती, आणि वारा आडवा यायला लागला होता. तो ओरडला, कुणीतरी चाक धरा, होडीचं नाक वाऱ्यावर ठेवा! मी उठणार होते. मोहन माझ्या आधी उठला. एका हातात पोरीचा पट्टा, दुसऱ्या हातात चाक. नाक असं धरलं की रत्नाच्या कपातला चहा हलला नाही. मासा वर आला, हातभर लांब. गॅरी म्हणाला, कुठे शिकलास? याने सांगितलं, "माय डॅड."

मालिनी, एकोणतीस वर्षांनी मी ते ऐकलं. इंग्लिशमध्ये ऐकलं, पण ऐकलं.

तो मासा मादी होती. गॅरी म्हणाला, पुढच्या वर्षी हिच्यापासून हजारोंनी होतील, सोडूया का? रत्नाने धरला आणि रत्नानेच सोडला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं, आई." बाकीचे पाच घरी आणले. गॅरी मुंडकी फेकत होता, ती मी वाचवली. कालवण बरं झालं. जिताडा नाही, पण परदेशात चालून जाईल.

आता मोहन, पुढचं हळू लिही.

मालिनी, तुझं फळीचं पत्र पोचलं. आसावरीने वाचलं आणि तिचंच नाक लाल झालं. तू कळशी उचलून घरी येत होतीस, आणि मी समजत होते तुझ्या मानेला ताठा आहे. फळी तू मागितली नव्हतीस. ते देणारे होते, दिली. तुझं काही देणं नाही.

हे बघ, मोहन थांबला. काय थांबलास? कुठली फळी ते त्या पत्रात आहे, डब्याखाली ठेवलं आहे, मागून वाच. काकीने स्वतः लिहिलं आहे की पाचव्या माणसाने काही झालं नसतं, आणि पाचवा घरी राहिला म्हणून तिचा माणूस परत आला. ताप खोटा होता हे रत्नालाही महिनाभर ठाऊक आहे, तिने तुला एका शब्दाने टोचलं नाही. शहाणी आहे. लिही.

मालिनी, तुला मी एक सांगितलं नव्हतं. त्या दिवशी उजाडताना ते मोहनला उठवायला गेले, आणि परत आले ते हसत. मला म्हणाले, "झोपलेला माणूस इतके घट्ट डोळे मिटत नाही. राहू दे. याला दर्या नको, पुस्तक हवं. तोंडाने सांगेल तेव्हा सांगेल, मी विचारणार नाही." आणि स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी त्याच्या अंगावर घालून गेले. पोराला वाटलं असेल ती मी घातली. मी नव्हती घातली.

सोंग आम्हांला कळलं होतं हे समजलं तर पोर शरमेने मरेल असं मला वाटलं, म्हणून मी बोलले नाही. हा मला समजेल म्हणून बोलला नाही. तोंड उघडून सांगायला मला अजून जमत नाही. तुला पत्र लिहायला लावणं तेवढं जमतं.

मंगळवारी पुनव, पत्र तोवर पोचायचं नाही, तेव्हा एवढं मोहन फोनवर सांगेल. माझा नारळ तू सोड. मोहनच्या नावाचा या वर्षीपासून नको, त्याचा तो सोडतो.

सुमित्रा

काकी,
आई पत्र इथे संपलं म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. दुपारचे तीन वाजले आहेत. पाकीट आणून मी दोनदा विचारलं, "आई, अजून काही घालायचं आहे का?" डोळे मिटले आहेत. इतके घट्ट की पापण्या हलताहेत.

तिच्या अंगावर पांघरूण घातलं आहे.

मोहन